‘आधी तू बॉस हो’ म्हणे!

कुत्र्याचं पिल्लू ऐकत नाही म्हटलं की कोणीतरी सांगतंच, आधी तू अल्फा (म्हणजे कळपाची म्होरकी) हो, त्याच्याआधी जेव, दारातून पहिली तू बाहेर पड. ही भानगड आली लांडग्यांवरून, रुडॉल्फ शेंकेल या प्राण्यांच्या अभ्यासकानं १९४७ मध्ये पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या मारामाऱ्या बघून लिहिलेलं ते, पण जंगलात कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पोरं, हे लांडग्यांचा अभ्यासक डेव्हिड मेकनं १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं, आणि आधी अल्फा अल्फा करणाऱ्यांत तोही होता बरं का!

कुत्रं काम करतं ते तुम्ही बॉस म्हणून नाही, त्याला काय हवंय त्यासाठी. आमची दहा महिन्यांची गावठी पोरगी ग्राउंडवर चिकनकडे ढुंकूनही बघायची नाही, पण जुन्या टॉवेलला गाठ मारून जमिनीवरून सरपटवली की झडपच. एका मुठीत चीज, दुसऱ्या हातात चिंधी धरा, नाक कुठे वळतं बघा, मग हेच रस्त्यावर करा, उत्तर बदलतं. शांत बसायला शिकवताना खाऊ बरा, खेळण्यानं ते चेकाळतं. अजिलिटीत (अडथळ्यांच्या शर्यतीत) मात्र दांडीवरून उडी मारली की खेळणं पुढे फेका, नाहीतर ते तुमच्या हाताकडेच बघत अडखळतं. (दांडी खालीच ठेवा हं, हाडं अजून वाढतायत.)