स्टेप काउंटर आणि कॅलरीच्या आकड्यांची अचूकता

स्टेप काउंटर म्हणजे चालताना पावलं मोजणारं यंत्र, मग ते कमरेला अडकवायचं असो, मनगटावरचा बँड किंवा घड्याळ असो, नाहीतर खिशातला फोन. व्यायाम म्हणून चालणारे त्यात पावलं, अंतर आणि कॅलरी असे तीन आकडे बघतात, आणि तिन्ही एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी दिसतात म्हणून तिन्ही सारखेच खरे वाटतात. तसं नाहीये. पावलं यंत्र खरोखर मोजतं, अंतर त्यावरून काढतं आणि कॅलरी हा मात्र अंदाजच असतो.

जुन्या पेडोमीटरमध्ये स्प्रिंगवर टांगलेली छोटी दांडी असायची, पाऊल पडलं की ती हलायची आणि आकडा एकने पुढे सरकायचा. 1965 मध्ये जपानच्या यामासा कंपनीने असंच एक यंत्र 'दहा हजार पावलं' अशा नावाने बाजारात आणलं, रोजच्या 10,000 पावलांचं टार्गेट तिथूनच पसरलं, कुठल्या वैद्यकीय संशोधनातून नाही. आता अ‍ॅक्सेलरोमीटर नावाची चिप असते, ती तिन्ही दिशांचे हादरे टिपते आणि सॉफ्टवेअर त्यातून एका लयीत येणारे झटके शोधतं. उगाच एखाद्या झटक्याला पाऊल धरायला नको म्हणून बरीच यंत्रं सलग काही पावलं पडल्याशिवाय मोजायलाच लागत नाहीत, त्यामुळे घरातल्या घरात दोन पावलं इकडे चार पावलं तिकडे असं चालणं बऱ्याचदा हिशोबात येतच नाही.

सपाट रस्त्यावर, नेहमीच्या वेगात, हात मोकळे सोडून चाललं तर पावलांचा आकडा चांगला विश्वासाचा असतो. जपानच्या औद्योगिक मानकात 100 पावलांमागे 3 पावलांपर्यंतची चूक चालते. गडबड होते ती हळू चालण्यात. वय झालेली माणसं, काठी घेऊन चालणारे, ऑपरेशननंतर नुकतेच उठून चालायला लागलेले, यांच्या पावलाचा झटकाच हलका असतो आणि यंत्र तो सोडून देतं, म्हणजे ज्यांना एकेक पाऊल टाकायला कष्ट पडतात त्यांचीच पावलं कमी दिसतात, आणि हे निर्मात्यांनी मनावर घ्यायला पाहिजे. मनगटावरच्या यंत्राचं अजून एक आहे, ढकलगाडीच्या किंवा ट्रेडमिलच्या दांडीवर हात ठेवला की हात हलत नाही आणि पावलं गायब होतात, उलट टाळ्या वाजवल्या किंवा भाजी चिरली तर बसल्या जागी पावलं वाढू शकतात.

अंतरासाठी जीपीएस चालू नसेल तर पावलांना पावलाच्या लांबीने गुणतात, आणि ही लांबी बऱ्याचदा उंचीच्या साधारण 41 टक्के धरलेली असते. म्हणजे 160 सेंटीमीटर उंचीला जवळपास 66 सेंटीमीटर. प्रत्यक्षात पाऊल 60 चं पडत असेल तर 10,000 पावलांमागे 600 मीटर फुकटचे वाढतात.

कॅलरीचा हिशोब मेट या एककावर चालतो. स्वस्थ बसलेलं शरीर दर किलो वजनामागे तासाला साधारण 1 किलोकॅलरी (स्क्रीनवर जिला नुसती कॅलरी म्हणतात तीच) खर्च करतं, तो 1 मेट. ताशी 4.8 किलोमीटर वेगाने सपाटीवर चालणं साधारण 3.3 मेट, म्हणून 60 किलोच्या माणसाचे अर्ध्या तासात जवळपास 100 किलोकॅलरी होतात, पण त्यातले 30 तर नुसतं बसूनही गेलेच असते, चालण्याची खरी कमाई 70 च्या आसपास. काही अ‍ॅप पूर्ण आकडा दाखवतात, काही वजा करून, आणि कुठला दाखवलाय हे सहसा ठळक लिहिलेलं नसतं. शिवाय हे 1 मेट सगळ्यांना सारखं लागू नसतं, वय आणि शरीरातल्या चरबी-स्नायूंच्या प्रमाणाने ते बदलतं. चढाचं तर विचारूच नका, त्याच वेगाने 5 टक्के चढ चढला तर नेहमीच्या सूत्राप्रमाणे खर्च दीडपटीहून जास्त होतो, पण नुसती पावलं मोजणाऱ्या यंत्राला चढ काय आणि सपाटी काय, दोन्ही सारखंच.

2017 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावरची 7 यंत्रं 60 जणांवर तपासली. हृदयाचे ठोके 6 यंत्रांनी 5 टक्क्यांच्या आत बरोबर सांगितले, पण कॅलरीत सगळ्यात चांगल्या यंत्राचीही सरासरी चूक 27 टक्के निघाली आणि सगळ्यात वाईट यंत्राची 93 टक्के. म्हणून स्क्रीनवर 300 दिसले की तेवढं जास्त खायचं, हा हिशोब कृपया करू नका, वजन कमी करायला निघालेली कितीतरी माणसं इथेच फसतात आणि दोष स्वतःला देत बसतात.

आपलं यंत्र तपासायचं असेल तर नेहमीच्या वेगाने मनात मोजून 100 पावलं चाला आणि आकडा किती वाढला ते बघा, मग तेच मुद्दाम हळू चालून करा, फरक लगेच कळतो. यंत्र रोज एकाच जागी ठेवलं तर आजची पावलं कालच्याशी ताडून बघता येतात, यंत्र बदललं की मात्र जुन्या आकड्यांशी तुलना करू नये. आणि चालण्यात जोर किती आहे हे बघायला कॅलरीपेक्षा मिनिटाला किती पावलं पडतात ते बघणं बरं, मोठ्या माणसांसाठी मिनिटाला साधारण 100 पावलं म्हणजे मध्यम व्यायाम धरतात, आणि ते मोजायला साधं घड्याळही पुरतं.