26 जूनची माणसं आणि घाटावरचा दगड

26 जूनला सकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात जाऊन यायचं, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार, शाळकरी पोरांच्या रांगा, वरून पावसाची झिमझिम. एका वर्षी तिथून परतताना चहाच्या गाड्यावर ओळखीचे एक काका भेटले. पंचांग खिशात घेऊन फिरणारे. म्हणाले, "मास्तर, या 26 जूनमध्ये काहीतरी आहे बघा. महाराज 1874 च्या 26 जूनचे, बालगंधर्व 1888 च्या 26 जूनचे. आणि त्या पोराच्या कानावर इलाज करायला मिरजेला धाडलं कुणी, तर महाराजांनी! आता याला काय म्हणायचं?"

मी म्हटलं, "दोघांवरच कशाला थांबताय, आणखी दोन घ्या. धूमकेतू शोधणारा फ्रेंच माणूस शार्ल मेसिए, 26 जून 1730. आणि तापमानाचं केल्विन हे एकक ज्याच्या नावाचं, तो लॉर्ड केल्विन, 26 जून 1824. महाराजांच्या आधी बरोब्बर पन्नास वर्षं. एक दिवस इकडं नाही की तिकडं नाही."

काकांचे डोळे चमकले. मी आग विझवायला गेलो आणि रॉकेल ओतून आलो.

खरं तर यात चमकण्यासारखं फारसं नाही, आणि का नाही हे कोल्हापूरकराला समजायला शाहू स्टेडियमची पायरी पुरते. खंडोबा आणि पाटाकडील या आपल्या तालमींचा फुटबॉल सामना आहे असं धरा. मैदानात दोन्हीकडचे अकरा-अकरा खेळाडू आणि मधे शिट्टीवाला पंच, म्हणजे 23 माणसं. यांतल्या कुठल्याही दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता किती? गॅलरीत विचारलं तर कुणी पाच टक्के म्हणेल, कुणी दहा. उत्तर आहे 50.7 टक्के. नाणं उडवल्यासारखंच, किंबहुना जुळण्याच्या बाजूनं काकणभर जास्त.

हिशेब उलटा धरला की सोपा होतो. कुणाचाच वाढदिवस जुळू नये असं म्हणू. पहिल्या खेळाडूला वर्षाचे सगळे दिवस मोकळे. दुसऱ्याला पहिल्याचा दिवस टाळायचा, म्हणजे 365 पैकी 364. तिसऱ्याला 363, चौथ्याला 362. हे अपूर्णांक एकमेकांना गुणत गेलं की सुरुवातीला गुणाकार हळू घसरतो, मग भराभर. तेविसाव्या माणसापाशी तो 0.493 वर येतो. म्हणजे न जुळण्याची शक्यता निम्म्याच्या खाली गेली.

आपलं डोकं फसतं ते माणसं मोजण्यात. मोजायच्या असतात जोड्या. 23 माणसांच्या जोड्या होतात 253, आणि प्रत्येक जोडी म्हणजे लॉटरीचं एकेक तिकीट. शिवाय नकळत आपण वेगळाच प्रश्न सोडवत असतो: "माझ्या तारखेचा कुणी आहे का?" त्यासाठी मात्र खूप माणसं लागतात. निम्मी शक्यता गाठायला तुमच्याशिवाय 253 जण. गंमत म्हणजे आकडा पुन्हा तोच निघतो.

2014 च्या फुटबॉल विश्वचषकात प्रत्येक संघात 23 खेळाडू होते आणि संघ होते 32. जन्मतारखा ताडून पाहिल्या तेव्हा बरोबर 16 संघांत वाढदिवसाची जोडी सापडली. इतकं काटेकोर उत्तर गणितालाही रोज मिळत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर साठ पोरांच्या वर्गात जूनच्या पहिल्या तासाला मी हा खेळ वर्षानुवर्षं केला. साठ जणांत जोडी सापडायची शक्यता 99 टक्क्यांच्या वर असते. एकदाही तोंडघशी पडलो नाही, आणि पोरं मात्र दर वेळी मास्तरांनी हजेरीपट आधीच बघून ठेवलाय असंच म्हणायची.

या गणितात एक गृहीत मात्र लपलेलं आहे: वर्षातले सगळे दिवस सारखे. आपल्याकडं ते साफ खोटं आहे. आमच्या वडिलांच्या पिढीत विचारा, जन्मतारीख काय? 1 जून. शेजारच्या अण्णांची? 1 जून. आत्तीची? 1 जून. पोराला शाळेत घालताना आईबाप सांगणार, "त्या साली पूर आला होता बघा, त्याच्या आदल्या सुगीला." गुरुजी त्यावरून साल काढणार आणि पुढं सरळ 1 जून लिहिणार, कारण शाळा जूनमध्ये उघडते आणि वयाचा हिशेब जुळवायला ती तारीख सोयीची. त्याचा परिणाम म्हणून राज्यभर दर 31 मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून निरोप समारंभांची रांग लागते. तारखा अशा एकीकडं कलल्या की जोड्या जुळण्याची शक्यता वाढते, कमी कधीच होत नाही. पेन्शनरांच्या कट्ट्यावर 23 माणसं लागत नाहीत, चार-पाचांत काम होतं.

परत काकांच्या 26 जूनकडं. जगाच्या इतिहासातल्या दहा हजार नामवंतांची यादी केली, तर वर्षाच्या प्रत्येक तारखेला सरासरी 27 जण येतात. त्या 27 मधून मी केल्विन उचलला, कारण पन्नास वर्षांचा गोल आकडा मिळाला. सदतीस वर्षांचं अंतर निघालं असतं तर त्याचं नावही काढलं नसतं. बॉल जिथं गेला तिथं नेऊन गोलपोस्ट रोवायचे आणि गोल गोल म्हणून नाचायचं, असला हा प्रकार. तारखेबरोबर सालही जुळणं जरा दुर्मीळ. चार्ल्स डार्विन आणि अब्राहम लिंकन दोघंही 12 फेब्रुवारी 1809 चे. पण शंभर वर्षांच्या काळात अधूनमधून जन्मलेले सव्वादोनशे लोक घेतले, तर त्यांत अशी जोडी असण्याची शक्यता निम्मी होते. सव्वादोनशे नामवंत म्हणजे काहीच नाही.

तारीख म्हणजे तरी काय, हाही प्रश्न आहेच. शिवजयंती तारखेची की तिथीची, हा वाद आपल्याला नवा नाही. फाल्गुन वद्य तृतीया शके 1551, वार शुक्रवार. याची तारीख आपण 19 फेब्रुवारी 1630 धरतो, ती जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेची. आज वापरात असलेल्या ग्रेगोरियन पद्धतीनं तोच शुक्रवार 1 मार्चला येतो. सूर्य मध्ये आणि पृथ्वी त्याच्याभोवती, असं मांडणारा कोपर्निकसही ज्युलियन 19 फेब्रुवारीचाच, साल 1473. दोन्ही तारखा एकाच दिनदर्शिकेतल्या, म्हणून जोडी टिकते. एक इकडची आणि एक तिकडची घेतली की जोडी मोडली.

मी काकांना म्हटलं, तारखेत डोकं घालण्यापेक्षा ही माणसं शेवटी विसावली कुठं ते बघा. ती जागा कुणीतरी काहीतरी मनात धरून निवडलेली असते, त्यामुळं तिथं वाचायला काहीतरी मिळतं.

केल्विनचंच घ्या. तो 1907 साली गेला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनच्या शेजारी त्याला जागा मिळाली. या माणसानं पृथ्वीचं वय काढायचा चंग बांधला होता. खाणीत खोल उतरावं तसं गरम होत जातं, हे ठाऊक होतं. त्यानं विचार केला: पृथ्वी सुरुवातीला वितळलेला गोळा होती असं मानू. आजच्याइतकी निवायला किती काळ लागला असेल? चुलीवरून उतरवलेल्या भाकरीला हात लावून ती कधी उतरवली ते सांगायचं, तशातलाच प्रश्न. 1862 मध्ये त्याचं उत्तर 2 कोटी ते 40 कोटी वर्षं असं ऐसपैस होतं. म्हातारपणी, 1897 मध्ये, त्यानं ते 2 ते 4 कोटींवर आणून आवळलं. डार्विनला उत्क्रांतीसाठी भरपूर काळ हवा होता, त्यामुळं त्याला या हिशेबानं चांगलाच घोर लावला होता.

आता पंचगंगा घाटावर या. देवळं, दीपमाळा, पायऱ्या, सगळं काळ्या दगडाचं. हा बेसाल्ट. दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातला. पन्हाळा, जोतिबा हेही त्याच थरांचे डोंगर. वय साधारण 6.6 कोटी वर्षं. म्हणजे केल्विनच्या शेवटच्या हिशेबातली अख्खी पृथ्वी आपल्या घाटाच्या पायरीपेक्षा लहान! खरं वय निघालं सुमारे 454 कोटी.

चूक गुणाकार-भागाकारात नव्हती. त्यानं पृथ्वी आतून घट्ट, दगडासारखी धरली होती. प्रत्यक्षात आतला घन खडकही लाखो वर्षांच्या हिशेबात अतिशय संथपणे वरखाली फिरतो आणि खालची उष्णता वर आणत राहतो. त्यामुळं वरचा थर गरम राहतो आणि पृथ्वी आहे त्याहून तरुण वाटते. जॉन पेरी या त्याच्याच जुन्या सहाय्यकानं हे 1895 मध्ये दाखवून दिलं होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. दुसरी गोष्ट किरणोत्सर्गाची. खडकातली काही मूलद्रव्यं फुटत राहतात आणि उष्णता देत राहतात. 1904 मध्ये तरुण भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड लंडनला यावर व्याख्यान द्यायला उभा राहिला, तर समोर साक्षात केल्विन. म्हातारा डुलकी घेतोय हे बघून रदरफर्डला बरं वाटलं. पण पृथ्वीच्या वयाचा मुद्दा आला आणि त्याचे डोळे उघडले. रदरफर्डनं प्रसंग झकास सांभाळला: उष्णतेचा नवा स्रोत सापडला नाही तरच आपला हिशेब खरा, असं लॉर्ड केल्विन यांनी म्हणून ठेवलं होतं, आणि आज आपण बोलतोय ते त्याच स्रोताबद्दल. म्हातारा खुलला. 1937 मध्ये रदरफर्ड गेला, त्याची रक्षा त्याच ॲबीत केल्विनला लागून पुरली. वाद घालणारे दोघं आता एका फरशीखाली आहेत.

मेसिए पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत आहे. धूमकेतू समजून फसू नये म्हणून त्यानं आकाशातल्या धूसर ठिपक्यांची यादी केली. आपल्या कृत्तिका त्या यादीत 45 व्या. त्याच्या वाढदिवसाला कोल्हापुरात मात्र आभाळ भरलेलं असतं, एक तारा दिसेल तर शपथ. बालगंधर्व 1967 च्या जुलैत पुण्याला गेले आणि पुढच्या वर्षी 26 जूनला त्यांच्या नावाचं रंगमंदिर तिथं उघडलं. ती तारीख मात्र ठरवून धरलेली. महाराज 6 मे 1922 ला मुंबईत गेले. त्यांना कोल्हापूरला आणलं, आणि आज त्यांचं समाधीस्थळ नर्सरी बागेत आहे.

कोपर्निकसला मात्र साडेचारशे वर्षं कबर असून नसल्यासारखी होती. 1543 मध्ये पोलंडमधल्या फ्रॉमबोर्कच्या कॅथेड्रलमध्ये फरशीखाली पुरला, पण नेमका कुठं याची खूण नाही. 2005 मध्ये तिथं सत्तरीच्या माणसाची कवटी आणि हाडं सापडली. हीच त्याची कशावरून? ताडायला नातेवाईक कुठून आणायचा! त्याच्या मालकीचं एक जुनं पंचांगवजा पुस्तक स्वीडनमध्ये उप्सालाला होतं. त्याच्या पानांत केस अडकलेले होते. त्यांतल्या दोन केसांचा डीएनए कवटीच्या दातातल्या डीएनएशी जुळला. 2010 मध्ये त्याला पुन्हा इतमामानं पुरलं.

काका म्हणाले, "म्हणजे पुरलेलं बरं. आपल्यात काय, तिसऱ्या दिवशी चिमूटभर राख."

अगदी तसं नाही. पंचगंगेच्या स्मशानात शेणींवर चिता रचतात. आच सात-आठशे अंशांच्या पुढं गेली की डीएनए संपतो, मांस-मज्जा वायू होऊन जाते. मागं उरतं ते बहुतेक कॅल्शियम फॉस्फेट, पांढरं, खडूसारखं ठिसूळ. पण त्या आचेत हाडाचे स्फटिक नव्यानं घट्ट बांधले जातात आणि स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य त्यांत कोंडलं जातं. हे येतं खडकातून मातीत, मातीतून पाण्यात आणि धान्यात, तिथून हाडात. त्याच्या दोन प्रकारांचं प्रमाण खडकागणिक बदलतं: आपल्या बेसाल्टमध्ये कमी, खाली कर्नाटकातल्या 250 ते 300 कोटी वर्षांच्या जुनाट खडकांत जास्त. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळापाशी पाच हजार वर्षांपूर्वी दहन केलेल्या 25 माणसांच्या जळक्या हाडांवर हाच प्रयोग झाला. 2018 मध्ये कळलं की त्यांतले किमान दहा जण आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्या भागात राहतच नव्हते, बहुधा वेल्सच्या बाजूचे होते. कोण होते ते राख सांगत नाही. कुठलं पाणी प्यायले ते सांगते.

आमच्या वडिलांच्या रक्षाविसर्जनाला मी घाटावर वाकून अस्थी वेचल्या, तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मडक्यात टाकताना त्या खापरीसारख्या किणकिणल्या, एवढं आठवतं. थोडी रक्षा नदीला दिली, बाकीची गावाकडं नेऊन उसाच्या बांधावर आंब्याच्या खड्ड्यात घातली. सत्तर वर्षं त्यांनी त्याच काळ्या रानातली ज्वारी खाल्ली होती, त्याच विहिरीचं पाणी प्यायले होते. पुढच्या आठवड्यात मृत्यूच्या दाखल्यासाठी गेलो. क्लार्कनं मृत्यूची तारीख लिहिली, वेळ लिहिली, मग जन्मतारीख विचारली. 1 जून, मी म्हटलं. त्यानं मान वर न करता लिहून घेतलं आणि म्हणाला, "आमच्या आबांची पण हीच."