दाढ काढायची भीती, आणि सिडेशन (म्हणजे गुंगीचं औषध) त्यात नेमकं काय करतं

दाताच्या डॉक्टरकडे जायला घाबरणारा माणूस भित्रा असतो हे आधी डोक्यातून काढून टाका. आपल्या गोव्यात रात्री होडी घेऊन समुद्रात जाणारी माणसं आहेत, माडावर सरसर चढणारी आहेत, आणि त्यांच्यातलेच काही जण दाढ ठणकायला लागली की गालात लवंग धरून, फेणीत भिजवलेला कापूस ठेवून, पेनकिलर गिळून आठवडेच्या आठवडे काढतात पण क्लिनिकची पायरी चढत नाहीत. आणि कोणीतरी ओढून नेलंच तर खुर्चीत बसल्याबरोबर हात थंड पडतात, छाती धडधडते, तोंड उघडायला सांगितलं की जबडा घट्ट मिटतो. हे ते मुद्दाम करत नाहीत, शरीर करतं.

मेंदूत अमिग्डाला नावाचा छोटासा भाग असतो, बदामाच्या आकाराचा, धोका ओळखायचं काम त्याच्याकडे. लहानपणी कोणी हातपाय धरून दात उपटला असेल, भूल नीट लागायच्या आधीच पक्कड लावली असेल, तर त्या वेळचा वास, आवाज, वरचा पांढरा दिवा हे सगळं दुखण्याशी जोडून ठेवलं जातं, आणि मग तीस वर्षांनी नुसता ड्रिलचा आवाज आला तरी घाम फुटतो. वासाचं तर फारच इंटरेस्टिंग आहे. क्लिनिकमध्ये शिरल्यावर जो ओळखीचा वास येतो तो बऱ्याचदा युजेनॉलचा असतो, म्हणजे लवंगेच्या तेलातलाच मुख्य घटक, दात भरायच्या काही सिमेंटमध्ये तो वापरतात. घरी लवंग चावली की बरं वाटतं आणि तोच रेणू क्लिनिकमध्ये नाकात गेला की पोटात गोळा येतो. दाताला घाबरणाऱ्या लोकांवर याचे प्रयोग झालेत, नुसता युजेनॉलचा वास दिला तरी त्यांचं शरीर भीतीची प्रतिक्रिया देतं, न घाबरणाऱ्यांचं देत नाही.

आता या भीतीमुळे काय होतं बघा. स्वीडनचे संशोधक उल्फ बेरग्रेन यांनी १९८४ मध्ये हे चक्र नीट मांडलं होतं: भीती वाटते म्हणून टाळायचं, टाळलं म्हणून दात बिघडतात, बिघडले म्हणून लाज वाटते, आणि लाजेमुळे अजून टाळायचं. ही लाज फार वाईट. "एवढी कीड लागेपर्यंत काय करत होता?" असं एखाद्या डॉक्टरने एकदा जरी म्हटलं तरी तो पेशंट परत दहा वर्षं तोंड दाखवत नाही. मला वाटतं हे वाक्य दवाखान्यात बोलायला बंदीच पाहिजे.

आणि टाळण्याचा दुसरा तोटा रसायनशास्त्राचा आहे, तो कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. दात काढताना जी सुई देतात त्यात साधारणपणे लिग्नोकेन हे जागा बधिर करणारं औषध असतं. नसेच्या आवरणातून आत शिरून ते सोडियमचे दरवाजे बंद करतं आणि दुखण्याचा संदेश पुढे जातच नाही. पण आत शिरायला त्याच्या रेणूवर विद्युतभार नसावा लागतो, आणि किती रेणू बिनभाराचे राहतील ते आजूबाजूच्या आम्लतेवर ठरतं. दाढेच्या मुळाशी पू झाला, सूज आली की तिथला भाग जास्त आम्ल होतो, मग आत शिरणारे रेणू कमी आणि भूल अर्धवट. म्हणजे घाबरून सहा महिने थांबलेल्या माणसाला खरंच जास्त दुखू शकतं आणि "मी सांगत होतो ना" हे त्याच्या मेंदूत अजून पक्कं होतं. म्हणून कधीकधी डॉक्टर आधी अँटिबायोटिक देतात, पू काढतात, किंवा सुजेपासून लांब मागच्या बाजूला मुख्य नसेवर सुई देतात. खालच्या दाढांना तर तशीच द्यावी लागते कारण तिथलं हाड जाड असतं, वरचं हाड सच्छिद्र असल्यामुळे तिथे दाताजवळ दिली तरी औषध झिरपतं.

अजून दोन गोष्टी माहीत असल्या तर खुर्चीत फरक पडतो. एक, त्या सुईत बऱ्याचदा थोडं ॲड्रेनालिन मिसळलेलं असतं, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि भूल जास्त वेळ टिकते, पण काही जणांची छाती एखाद-दोन मिनिटं धडधडते. घाबरलेल्या माणसाला वाटतं आपल्याला काहीतरी होतंय, आणि खरं तर ते औषध असतं आणि लगेच उतरतं. दोन, भूल लागली तरी दाब कळतोच. दुखण्याचे संदेश नेणारे बारीक तंतू लवकर बंद पडतात, दाब आणि स्पर्श नेणारे जाड तंतू तेवढे पडत नाहीत. त्यामुळे दाढ हलवताना जोर लावलेला कळतो, हाडातून करकर आवाज थेट कानापर्यंत जातो, पण टोचल्यासारखी कळ येत नसेल तर भूल बरोबर लागलेली आहे. हे आधी कोणी सांगितलं नसेल तर पेशंट दाबालाच दुखणं समजतो.

तर सिडेशन इथे येतं. सिडेशनचं औषध दुखणं थांबवत नाही, ते काम सुईचंच, म्हणून गुंगी दिली तरी सुई चुकत नाही, फक्त ती गुंगी चढल्यावर देतात त्यामुळे तिचं काही वाटत नाही. सिडेशन भीतीवर काम करतं, आणि भीती कमी झाली की दुखणंही कमी जाणवतं कारण घाबरलेला मेंदू वेदना जास्त तीव्र करून घेतो.

याची सुरुवातसुद्धा दातापासूनच झाली. १८४४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावात होरेस वेल्स नावाचा डेंटिस्ट लाफिंग गॅसचा एक करमणुकीचा शो बघायला गेला. तिथे गॅस घेतलेल्या एका माणसाच्या पायाला चांगलं लागलं तरी त्याला पत्ताच नव्हता, वेल्सच्या डोक्यात लगेच लख्ख झालं, आणि दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबरला, त्याने तोच गॅस घेऊन स्वतःची दाढ सहकाऱ्याकडून काढून घेतली. (आपल्या पणजीत मेडिकल स्कूल सुरू झालं ते १८४२ मध्ये, म्हणजे त्या शाळेच्या पहिल्या विद्यार्थ्यांच्या काळात जगात कुठेही ऑपरेशनला भूल द्यायची पद्धतच रुळलेली नव्हती.) तोच नायट्रस ऑक्साईड आजही वापरतात, फक्त आता तो ऑक्सिजनमध्ये मिसळून, नाकावर छोटा मास्क लावून. दोन-तीन मिनिटांत हातापायाला मुंग्या, अंग हलकं, माणूस जागा असतो पण काळजी वाटत नाही. काम झालं की पाच मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात आणि गॅस फुफ्फुसातून निघून जातो. नाक चोंदलेलं असेल तर उपयोग नाही, गरोदरपणात सहसा टाळतात, आणि बी-१२ खूप कमी असेल तर आधी सांगायचं कारण हा गॅस बी-१२ निकामी करतो.

गोळीचा पर्याय असतो, डॉक्टर तासभर आधी घ्यायला सांगतात. सोपा आहे पण गोळी कोणाच्या पोटातून किती शोषली जाईल सांगता येत नाही. हुमणात मीठ एकदा जास्त पडलं की काढता येत नाही तसं. म्हणून शेजारणीच्या झोपेच्या गोळ्यांतली एक मागून घेऊन जाऊ नका, प्लीज. शिरेतून देतात ते औषध बहुतेक वेळा मिडाझोलम असतं आणि तिथे डॉक्टर एक-एक मिलिग्रॅम देऊन, दोन मिनिटं थांबून, माणसाकडे बघून पुढचं देतात. मेंदूत गाबा नावाचं शांत करणारं रसायन असतं, मिडाझोलम त्या गाबाच्याच रिसेप्टरवर बसून त्याचा परिणाम वाढवतं, पेशींची धावपळ मंदावते. जास्त झालंच तर फ्लुमाझेनिल नावाचं उतारा औषध आहे, ते खोलीत तयार ठेवलेलं असलं पाहिजे.

माझी आत्या डिचोलीला असते, तिची खालची दाढ अशीच शिरेतून सिडेशन देऊन काढली. लहानपणी दोघांनी धरून तिचा दात काढला होता आणि तेव्हापासून ती डेंटिस्टकडे गेलीच नव्हती, शेवटी ऐन चवथीत गाल एवढा सुजला की मोदक लांबच, पेज पण गिळता येईना. भूलतज्ज्ञ डॉक्टर बाई होत्या. "मावशी, तुमच्या कुळागरात यंदा सुपारी कशी झाली?" असं त्या विचारत होत्या आणि आत्या उत्तरं देत होती, मिरीच्या वेलाबद्दल पण बोलली म्हणे. तिला त्यातलं काहीही आठवत नाही! हाताला सुई लावली ते आठवतं आणि मग एकदम गाडीत काका शेजारी बसलेत आणि तोंडात गॉझ आहे. ती झोपलेली नव्हती, बोलावलं तर ओ देत होती, सांगितलं तसं तोंड उघडत होती, फक्त मिडाझोलममुळे नवीन आठवणी साठवल्याच गेल्या नाहीत.

हे ऐकायला फार छान वाटतं पण माझं मत इथे थोडं वेगळं आहे. आठवतच नसेल तर मेंदू शिकणार काय? दाढ सुटली, पण "खुर्चीत बसले आणि काही वाईट झालं नाही" हा अनुभव आत्याकडे नव्हताच, त्यामुळे पुढच्या वेळी भीती होती तेवढीच. अभ्यासातही हेच दिसतं, औषधाने त्या दिवसाचं काम होतं, पण कायमची भीती जायला हळूहळू सवय करणं आणि विचार बदलायची थेरपी यांचा परिणाम जास्त टिकतो. म्हणून तातडीचं काम सिडेशनखाली उरकून घ्यावं आणि नंतर दुखत नसताना, नुसतं चेकअपला, क्लीनिंगला जावं. डावा हात वर केला की डॉक्टर थांबणार असं आधी ठरवून घ्यावं आणि एकदा उगाच हात वर करून ते खरंच थांबतात का बघावं. आत्याने क्लीनिंग असंच करून घेतलं, मधेमधे हात वर करत, घामाघूम होत, पण सगळं आठवत होतं तिला.

शब्दांची ताकद काय असते ते आपल्या कांदोळीच्या माणसाने जगाला सांगितलेलं आहे. आबे फारिया, जन्म १७५६, पणजीला जुन्या सेक्रेटरिएटशेजारी त्यांचा पुतळा आहे. संमोहन एका चुंबकीय द्रवामुळे होतं असं तेव्हा मानायचे, पण पॅरिसमध्ये १८१३ च्या सुमारास संमोहनाचे प्रयोग करताना त्यांनी ठामपणे सांगितलं की असा कुठलाही द्रव नसतो, जे होतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात, सूचनेमुळे होतं. आणि त्यांची ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला उभे राहिले आणि शब्दच फुटेना, तेव्हा वडील हळूच कोकणीत म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी", म्हणजे समोरची माणसं नुसती भाजी आहेत, चीर ती, आणि भीती गेली. आज काही डेंटिस्ट संमोहनही वापरतात. तेवढं नाही जमलं तरी सुई देताना "आता दुखेल हं" म्हणण्याने दुखणं वाढतं हे प्रयोगांत दिसलेलं आहे, त्यामुळे डॉक्टरांनी बोलायचं काय हा उपचाराचाच भाग झाला.

आता कामाचं. शिरेतून सिडेशन असेल तर सहा तास आधी खाणं बंद, दोन तास आधी पाणीसुद्धा बंद. सोबत घरचं मोठं माणूस पाहिजेच. पुढचे २४ तास स्कूटर नाही, गॅसवर काही ठेवणं नाही, बँकेच्या कागदावर सही नाही, आणि दारूचा थेंब नाही कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतात. झोपेत घोरताना श्वास अडकत असेल, दमा असेल, झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील, वय जास्त असेल तर हे न विचारता सांगायचं, डोस त्यावर ठरतो. आणि जिभेखाली सूज येऊन गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल तर सिडेशनचा विचार करत घरी बसायचं नाही, सरळ बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या इमर्जन्सीत जायचं, ते इन्फेक्शन गळ्यात उतरून जिवावर बेतू शकतं.

सिडेशन सगळ्या क्लिनिकमध्ये नसतं म्हणून आधी फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की मला दाताच्या कामाची खूप भीती वाटते. मग विचारा: गॅस आहे की शिरेतून देता, औषध देणारा आणि दाढ काढणारा वेगवेगळा माणूस असतो का, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पूर्ण वेळ चालू असतो का, ऑक्सिजन आणि उतारा औषध खोलीत असतं का. या प्रश्नांना घाईघाईने "काय होत नाही, तुम्ही या फक्त" असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा.