रेसिंग गेममधली गाडी किती खरी, हे टायर ठरवतो

रेसिंग गेमच्या परीक्षणांमध्ये एक युक्तिवाद हमखास आढळतो. गेममधल्या गाडीला शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग गाठायला लागणारा वेळ आणि तिचा कमाल वेग हे दोन्ही आकडे कंपनीच्या माहितीपत्रकाशी जुळतात, म्हणून तो गेम वास्तवाला धरून आहे, असे त्यात सांगितलेले असते. हा निष्कर्ष टिकत नाही, कारण जुळवायला सर्वांत सोपे असलेले आकडे नेमके हेच आहेत.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ताशी २०० वरून २५० किलोमीटरवर जाताना वेग सव्वापट होतो, पण त्यासाठी इंजिनाची शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. इंजिनाची शक्ती, गाडीचे वस्तुमान, गिअरची गुणोत्तरे आणि हवेचा रोध एवढी माहिती संगणकाला दिली की कमाल वेगाचे उत्तर शालेय गणितातूनच बाहेर पडते. सुरुवातीच्या वेगवाढीची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. रस्ता आणि टायर यांच्यातील घर्षणांक, म्हणजे पकड आणि भार यांचे गुणोत्तर, १ धरला आणि गाडीचे सगळे वजन इंजिनाने फिरणाऱ्या चाकांवर आहे असे मानले, तरी त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्गापलीकडे जात नाही. म्हणजे १०० किलोमीटरचा वेग गाठायला किमान २.८ सेकंद लागणारच, मग इंजिन ५०० अश्वशक्तीचे असो की १,५०० अश्वशक्तीचे. इंजिन शक्ती पुरवते, पण ती रस्त्यावर किती उतरेल हे ठरते तळहाताएवढ्या चार ठिपक्यांवर, जिथे टायर डांबराला टेकलेला असतो.

शाळेत आपण शिकतो की चाक न घसरता गडगडते. प्रत्यक्षात, जो टायर यत्किंचितही घसरत नाही, तो गाडीला पुढे ढकलू शकत नाही, थांबवू शकत नाही आणि वळवूही शकत नाही. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी जोरात ब्रेक लावते तेव्हा चाकाचा परिघ त्याहून कमी वेगाने, समजा ९० किलोमीटरने, फिरत असतो आणि या फरकातूनच थांबवणारे बल निर्माण होते. वळणावर चाकाचे तोंड एका दिशेला असते आणि चाक प्रत्यक्षात किंचित वेगळ्या दिशेने जात असते. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. साध्या रस्त्यावरच्या टायरची पकड साधारणपणे सहा ते दहा अंशांच्या दरम्यान शिगेला पोचते आणि त्यानंतर उतरू लागते.

हे का होते, याचे वाहनशास्त्रातले स्पष्टीकरण मला अतिशय आवडते. टायरच्या पृष्ठभागावर रबराचे असंख्य लवचीक केस आहेत, असे त्यात मानतात, आणि म्हणूनच त्याला ब्रश प्रतिमान हे नाव आहे. चाक फिरताना प्रत्येक केस ठिपक्याच्या पुढच्या कडेला रस्त्याला टेकतो. टेकताना तो सरळ असतो. त्याचे टोक रस्त्याला चिकटून राहते आणि मूळ मात्र चाकाबरोबर वेगळ्या दिशेने सरकत जाते, त्यामुळे मागच्या कडेकडे जाता जाता तो अधिकाधिक वाकतो. वाकलेल्या केसांचे एकत्रित बल म्हणजेच गाडीला वळवणारे बल. एखादा केस घर्षणाला पेलवण्यापलीकडे वाकला की त्याचे टोक सुटते आणि घसरते. ही सुटण्याची क्रिया ठिपक्याच्या मागच्या कडेपासून सुरू होते आणि स्लिप अँगल वाढेल तशी पुढे सरकते. सगळा ठिपका घसरू लागला की गाडी चालकाचे ऐकत नाही.

यातून एक विलक्षण परिणाम घडतो. स्लिप अँगल लहान असतो तेव्हा जास्त वाकलेले केस मागच्या बाजूला असतात, त्यामुळे वळवणारे बल ठिपक्याच्या मध्याच्या मागे लागू होते आणि ते चाकाला पुन्हा सरळ करू पाहते. वळणात स्टिअरिंग हाताला जड लागते ते बरेचसे यामुळे. मागचे केस सुटू लागले की बलाचा हा बिंदू मध्याकडे सरकतो आणि सरळ करणारा जोर कमी होऊ लागतो. ही घट पकड शिगेला पोचण्याच्या आधीच सुरू होते. म्हणजे पुढची चाके घसरण्याआधी स्टिअरिंग हलके होऊन चालकाला सूचना देते. चांगला चालक गाडी मर्यादेच्या काठावर ठेवतो, त्यात या सूचनेचा मोठा वाटा आहे. ज्या गेममध्ये स्टिअरिंग जितके वळवावे तितके केवळ जडच होत जाते, तिथे टायरऐवजी एक स्प्रिंग बसवलेली आहे असे खुशाल समजावे, चित्रे कितीही हुबेहूब असली तरी.

गेममध्ये असंख्य केसांचा हिशेब करत बसणे महाग पडते. १९८०च्या दशकात नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातले हान्स पाचेयका यांनी व्होल्व्होतील अभियंत्यांसह साइन आणि व्यस्त टॅन्जंट यांच्या जोडणीतून एक सूत्र मांडले, ज्याची वक्ररेषा मोजलेल्या टायरच्या वक्ररेषेशी उत्तम जुळते. त्याला मॅजिक फॉर्म्युला म्हणतात, पण त्यात जादू काहीच नाही. त्यातले गुणांक यंत्रावर टायर फिरवून मोजावे लागतात आणि हे मोजमाप न करता गुणांक अंदाजाने भरले, तर गाडीही अंदाजाचीच होते. टायरबाबत असे चमत्कार आपल्याकडे पेट्रोल पंपावरही विकले जातात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच असताना शुद्ध नायट्रोजन भरल्याने रोजच्या गाडीची पकड बदलत नाही. शर्यतीत तो वापरण्यामागे बाष्प टाळून दाब अपेक्षेप्रमाणे राखणे, हे कारण असते.

घर्षणांक वजनावर अवलंबून नसतो, हा शालेय नियमही रबराला लागू पडत नाही. वजन वाढते तसा टायरचा घर्षणांक घटतो. समजुतीसाठी आकडे घेऊ. दोन टायरांवर प्रत्येकी ३०० किलो भार आणि घर्षणांक १.१ असेल, तर एकूण पकड ६६० किलोभाराइतकी मिळते. वळणात बाहेरच्या टायरवर ५०० किलो आणि आतल्यावर १०० किलो भार आला, घर्षणांक अनुक्रमे १.० आणि १.२ झाले, की बेरीज ६२० वर येते. एकूण वजन तेवढेच असूनही पकड कमी झाली. गाडी एका बाजूला किती कलते आणि पुढच्या-मागच्या चाकांत हा भार कसा वाटला जातो, याची जुळवाजुळव शर्यतीतले अभियंते म्हणूनच सतत करत असतात.

हा सगळा हिशेब किती वेळा करायचा, हेही महत्त्वाचे आहे. ताशी २०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदाच्या साठाव्या भागात ९० सेंटिमीटरहून जास्त अंतर कापते, तर ठिपक्याची लांबी जेमतेम पंधरा सेंटिमीटर असते. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलले तर डोळ्यांना पुरते, टायरला पुरत नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या आयरेसिंग या रेसिंग गेममध्ये भौतिकीचे गणित सेकंदाला ३६० वेळा होते.

अशा गणितावर घडलेले कौशल्य खऱ्या रस्त्यावर उपयोगी पडते, याचा पुरावा आहे. ग्रान तुरिस्मो हा रेसिंग गेम खेळणाऱ्यांमधून चालक निवडण्याच्या स्पर्धेत २००८ मध्ये पहिला आलेला स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ २०११ च्या फ्रान्समधील २४ तासांच्या ले माँ शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. वळणाची रेषा, ब्रेकची जागा आणि स्टिअरिंगमधून येणाऱ्या सूचना गेममध्ये शिकता येतात. शरीरावर येणारा जोर मात्र खोलीतल्या खुर्चीत मिळत नाही.

गेमच्या टायरची सर्वांत अवघड परीक्षा मात्र ताशी ३०० किलोमीटरवर होत नाही, ती गाडी उभी असताना होते. घसरण्याचे प्रमाण काढताना चाक आणि गाडी यांच्या वेगांतल्या फरकाला गाडीच्या वेगाने भागावे लागते आणि वेग शून्य झाला की भागाकाराला अर्थच उरत नाही. यावर उपाय म्हणून काही गेममध्ये कमी वेगाला बल फक्त घसरण्याच्या वेगाच्या प्रमाणात धरतात. मग उतारावर ब्रेक दाबून उभी केलेली गाडी थोडीही सरकली नाही तर तिला धरून ठेवणारे बलच निर्माण होत नाही, आणि ती हळूहळू खाली सरकत राहते. गाडी खरोखर जागेवर उभी राहायची असेल, तर केस याआधी किती वाकले होते, हे गणिताने प्रत्येक टप्प्यावर लक्षात ठेवावे लागते.