फॅक्स जात नाही? मशीन दुकानात आणण्याआधी हे करून पाहा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या आमच्या ग्राहकांसाठी

फॅक्स अडला की मशीनच बिघडलं असं वाटतं. पण पुष्कळदा दोष टेलिफोन लाईनमध्ये असतो, आणि दुरुस्तीचा खर्च उगाच होतो. म्हणून आधी एक छापील कागद घालून कॉपीचं बटण दाबा. कॉपी स्वच्छ आली, तर कागद वाचणारा आणि छापणारा असे मशीनचे दोन्ही भाग ठीक आहेत. आता लाईन पाहा.

रिसीव्हर उचलून ऐका. खरखर असेल, तर मशीन पाठवण्याचा वेग सेकंदाला 14400 बिटवरून 9600 वर, मग आणखी खाली आणतं आणि शेवटी कॉल तोडतं. त्याच लाईनवरचे जादा फोन काढून पुन्हा पाठवा. तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँडही असेल, तर मध्ये फिल्टर (फोन आणि ब्रॉडबँडचे सिग्नल वेगळे करणारी छोटी डबी) हवाच. फायबर कनेक्शनवर आवाज डेटा होऊन जातो, त्यात फॅक्सचे सूर तुटतात. मेनूतून वेग 9600 करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं. कोल्हापूरला पाठवताना 0231 लावलंय ना, तेही बघा.

कॉपीतच उभी काळी रेघ येत असेल, तर काचेच्या पट्टीवर शाई किंवा व्हाईटनरचा ठिपका वाळलेला असतो. मऊ कापडानं पुसा. पान कोरंच येत असेल, तर थर्मल रोल (उष्णतेनं काळा होणाऱ्या कागदाची गुंडाळी) उलटा बसलाय. कागदावर नखानं ओरखडा काढा, काळी रेघ उमटते ती मसाल्याची बाजू.

फॅक्स येतच नसेल, तर मशीन मॅन्युअलवर राहिलेलं असतं. ऑटोवर करा.

उतारे, कोर्टाचे कागद पाठवताना ‘फाईन’ मोड लावाच. साध्या मोडमध्ये मिलिमीटरला 3.85 ओळी वाचल्या जातात, फाईनमध्ये 7.7. वेळ जास्त लागतो, पण आपल्याकडच्या कागदांवर कन्नड आणि मराठी दोन्ही असतात. बारीक काना-मात्रा, वेलांट्या आणि कन्नड अक्षरांखालचे ‘ओत्तू’ साध्या मोडमध्ये पुसट होतात. नावातलं एक अक्षर बदललं तरी कचेरीतून कागद परत येतो. आलेल्या थर्मल पानाची मात्र त्याच दिवशी झेरॉक्स काढा. ऊन, उष्णता आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमुळे अक्षरं उडून जातात.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडे, कागद दमट होऊन दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. रीम पिशवीत बंद ठेवा. विजा कडाडायला लागल्या की विजेच्या प्लगबरोबर टेलिफोनची वायरही काढा. बरेच जण फक्त प्लग काढतात, आणि झटका टेलिफोनच्या तारेतून येऊन आतला बोर्ड जाळतो. ती दुरुस्ती महाग पडते, कधीकधी होतही नाही.

एवढं करूनही अडलं, तर मशीनबरोबर काढलेली कॉपी आणि मशीननं छापलेला ट्रान्समिशन रिपोर्ट घेऊन या. रिपोर्टवरचा एरर कोड पाहिला की काम लवकर होतं.