नाताळचा रनर: कापड की सण?

सोलापूरहून निघालेल्या टर्किश टॉवेलच्या किनारीत नाताळचे झाड विणलेले असेल, तर अमेरिकेच्या बंदरात तो दरपत्रकाच्या कोणत्या हेडिंगखाली (चार आकड्यांचा गट, पहिले दोन आकडे प्रकरणाचे) जातो? टॉवेल म्हटला तर 6302, आणि सुती टेरीला (टर्किश टॉवेलच्या कापडाला) मूळ शुल्क 9.1 टक्के. सणाची वस्तू म्हटली तर 9505, शुल्क शून्य. आज उत्तर एकच आहे, टॉवेल. 2007 पर्यंत मात्र त्यावर वकिलांना भरपूर काम होते.

अमेरिकेने 1963 चे जुने दरपत्रक सोडून 1 जानेवारी 1989 पासून एचएस, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय आकडेपद्धती, स्वीकारले. त्यात 50 ते 63 या कापडाच्या प्रकरणांना लागू असलेली एक टीप सांगते, की प्रकरण 95 मधली वस्तू इथे आणू नका. म्हणजे भांडण आधी 95 च्या दारात मिटवायचे. तिथे नाकारले गेले तरच 63 चा विचार. वस्तू सुती आहे, चारी बाजूंनी दुमडून शिवलेली आहे, टेबलावर अंथरतात, हे सगळे मुद्दे नंतरचे.

आणि ‘सणाची वस्तू’ म्हणजे काय, याची व्याख्या कुठेच नव्हती. सीमाशुल्क खात्याने मग स्वतःची चाळणी लावली: वस्तू टिकाऊ नसावी, आणि उपयोगापेक्षा शोभेसाठी असावी. रोज धुऊन वापरायचे नॅपकिन या चाळणीतून सुटणे कठीणच. 1997 मध्ये अपील न्यायालयाने ती मोडीत काढली. वस्तूचे सणाशी घट्ट नाते हवे आणि ती मुख्यतः त्याच सणात वापरली किंवा मांडली जावी, एवढेच पुरे. ती उपयोगाची असली म्हणून बाद होत नाही. हॅलोवीनच्या भोपळ्याचा चेहरा असलेला मातीचा मगसुद्धा त्यामुळे सणाचा ठरला.

कापडाची खरी कसोटी लागली 2003 मध्ये. टेबलमॅट, नॅपकिन, रनर (टेबलाच्या मधोमध अंथरायची लांब पट्टी), लहान गालिचे असा तो माल होता. न्यायालयाने म्हटले, की वस्तूचे रूप सणाशी इतके जोडलेले हवे की एरवी ती वापरली तर विचित्र वाटेल. विशिष्ट सणाचे चिन्ह असलेला माल 95 मध्ये गेला, ते नसलेला कापडात राहिला. या कसोटीत तर्क आहे, पण ती घर पाहून केलेली नाही. आपल्याकडे दिवाळीचे तोरण शिमग्यापर्यंत दारावर लटकत असते आणि कुणालाही ते विचित्र वाटत नाही.

आयातदारांचे हे सुख चार वर्षेही टिकले नाही. 2007 च्या एचएस दुरुस्तीत प्रकरण 95 लाच नवी टीप जोडली गेली: उपयोगी स्वरूपाच्या चादरी, टेबलावरचे कापड, टॉवेल, गालिचे, ताटवाट्या वगैरे त्या प्रकरणातून बाहेर, वर्गीकरण ज्या मालापासून बनल्या त्यानुसार. सीमाशुल्क खात्याने न्यायालयात गमावलेली बाजी एका टिपेने परत आली. एचएस सर्वांचे सामाईक असल्याने हीच टीप भारताच्या दरपत्रकातही आहे. अमेरिकेने शुल्कमाफीची एक खिडकी 9817.95 मध्ये उघडी ठेवली, पण पात्र उपशीर्षकांच्या यादीत 6307.90 (इतर तयार कापडी वस्तू) आहे, 6302 नाही. टॉवेल आणि टेबलक्लॉथ तिथेही बाहेरच. 2018 मध्ये नाताळच्या ताटांवरून त्याच खिडकीतल्या, सणाच्या विधीत वापरायच्या वस्तूंच्या माफीचा वाद झाला तेव्हा न्यायालयाने नाताळचे जेवण वाढणे हा ‘विशिष्ट विधी’ नव्हे असे ठरवले. तिथल्या गृहिणींना विचारले असते तर उत्तर वेगळे आले असते.

27 ऑगस्ट 2025 पासून बहुतेक भारतीय मालावर अमेरिकेचे अतिरिक्त शुल्क 50 टक्क्यांवर गेले. ते मूळ दराच्या वर होते, मग माल 6302 चा असो वा 9505 चा.