बीटी आणि संकरित: राग एकाचा, काढला दुसऱ्यावर

"बीटी आलं अन् दरसाल बियाणं इकत घ्या लागते." कपाशीची पेरणी जवळ आली की यवतमाळपासून अकोल्यापर्यंत कोणत्याही कृषी केंद्रासमोर हे ऐकायला मिळतं. शिकलेली मंडळीही तेच लिहितात, याचा मला जास्त वैताग येतो. दरसाल पैसे मोजायला लावतं ते संकरितपण. बीटीचा त्यात हात नाही.

बीटी काय ते पऱ्हाटी म्हणजे कपाशी लावणाऱ्याला सांगायला नको. जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं, झाडच बोंडअळीला मारणारं विष तयार करतं, २००२ पासून परवानगी आहे. झालं.

संकरित म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी. जोमदार असते, पण तिचीच सरकी ठेवून पेरली तर पुढच्या वर्षी एक झाड कमरेला, एक गुडघ्याला. सरळ वाणाचं तसं नाही; घरचं बियाणं राखलं तरी पीक बहुतांशी तेच येतं. बियाणं राखायचा हक्क शेतकऱ्याला २००१ च्या कायद्याने दिलाय, संकरितापुढे तो कागदावरच राहतो.

जगातलं पहिलं व्यापारी संकरित कपाशी वाण, एच-४, सुरतला १९७० मध्ये निघालं. तेव्हा बीटीचा पत्ताही नव्हता. आणि ते काढलं सरकारी संशोधन केंद्रानं! म्हणून "सरकारी संशोधन म्हणजे लोकांच्या हिताचं" हेही मी डोळे मिटून मानत नाही.

अमेरिका, ऑस्ट्रेलियात बीटी सरळ वाणांतच आहे. आपल्याकडे ते संकरितातून आलं, कारण दरवर्षी विकता येतं. कंपनीनं धंदा पाहिला, त्यात नवल नाही. पण आमच्या कोरडवाहू, बरड रानाचं काय? बियाणं महाग म्हणून डोबणी (एकेक बी टोचून पेरणं) लांब लांब, झाडं मोजकी, मग भरपूर बोंडं धरायला पीक महिनोन् महिने उभं. पाऊस केव्हाच गेलेला. उशिराची बोंडं गुलाबी बोंडअळीच्या तोंडी. २०१७ मध्ये विदर्भानं ते भोगलं. कमी दिवसांचं सरळ वाण दाट पेरलं तर अळीचा जोर वाढायच्या आत बरीच वेचणी उरकते. देशी कपाशी तर रस शोषणाऱ्या तुडतुड्यालाही फारशी दाद देत नाही.

नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सरळ बीटीच्या वाटेनं गेली होती. बिकानेरी नरमा बीटी २००९ च्या सुमारास शेतात आलं, पण त्यात खासगी कंपनीचंच जनुक निघालं आणि ते मागे घ्यावं लागलं. पुढे रजत, सुरज यांसारख्या सरळ वाणांत बीटी आलं, तेही एकाच जनुकाचं. तोवर गुलाबी अळी दोन जनुकांच्या बीटीलाही जुमानेनाशी झाली होती. एवढा उशीर शास्त्र अवघड म्हणून झाला, असं मला कोणी सांगू नये. सरळ वाण कोणाच्याच यादीत वर नव्हतं.

(चोरबीटी ही तिसरीच भानगड. ती तणनाशक सोसणारी, बिनपरवान्याची. इथे मिसळू नका.)

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिवारफेरीला गेलात तर आधी विचारा: वाण सरळ की संकरित? किती दिवसांचं? बरड जमिनीत, बिनपाण्याचं तपासलंय का? बीटी आहे की नाही, ते मग विचारा.